गावातल्या सुईणीचा इतिहास कसा गोळा करायचा

बायका आणि वैद्यकी म्हटलं की आपल्याकडे सगळे थेट आनंदीबाई जोशींवर जातात, मग रखमाबाई, आणि विषय संपला. दोघी मोठ्याच, त्यात वाद नाही, पण आनंदीबाईंना फिलाडेल्फियात डिग्री मिळाली १८८६ ला, त्याच्या आधी महाराष्ट्रातल्या बायका बाळंत होत नव्हत्या की काय? होत होत्या, आणि ते काम कुणीतरी करत होतंच, आणि खेड्यापाड्यात तर आनंदीबाईंनंतरही पुढची कितीतरी वर्षं तीच करत राहिली. सुईण, काही भागात दाई. तिचा ना पुतळा ना जयंती, आणि ज्यांनी स्वतःच्या हातानं गावातली निम्मी पोरं बाहेर काढली त्या आज्या आता ऐंशीच्या पुढं आहेत. त्यामुळं ज्याला कुणाला आपल्या गावाचा हा इतिहास लिहायचाय त्यानं पुढच्या दिवाळीवर ढकलू नका, याच सुट्टीत सुरू करा. कसं करायचं ते सांगते.

सुरुवात चावडीवर किंवा पारावर करू नका. पुरुष मंडळींना विचारलं तर ती नवऱ्याचं नाव सांगतील, 'अमक्याची म्हातारी होती बघा', आणि पुढं काही नाही. घरातूनच सुरू करा. आई, आत्या, चुलती, मोठी मावशी, ज्यांचं बाळंतपण घरी झालंय त्यांना सरळ विचारायचं, तुझ्या वेळेला कुणाला बोलवलं होतं? आणि तुझ्या स्वतःच्या जन्माला कोण होतं असं आजी सांगायची? वही घ्या, एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला जिनं बाळंतपण केलं तिचं नाव. पाचसहा घरं झाली की लक्षात येतं की तीच दोनतीन नावं परत परत येतायत. आणि हेही कळतं की सगळ्या घरांना एकच सुईण नव्हती, काही आळ्यांची वेगळी, वाड्यांची वेगळी, आणि काही घरांत तर सासूनंच सगळं केलंय, बाहेरची बाई बोलवलीच नाही. तेही लिहा, सासू पण यात मोडते.

आता इथं जात येते, आणि ती टाळून हा इतिहास लिहिता येत नाही, कुणी कितीही नाक मुरडलं तरी. बऱ्याच गावांत हे काम मांग, न्हावी अशा समाजातल्या बायकांकडे होतं. नाळ कापायची, वार (बाळाच्या मागून पडते ती) पुरायची, रक्ताची कापडं धुवायची, हे 'विटाळाचं' काम, म्हणून ते त्यांच्याकडं. म्हणजे पोराला जगात पहिला हात तिचा लागायचा आणि पोराची अंघोळ झाली की ती परत उंबऱ्याबाहेर. मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली चौदा वर्षांची मुलगी, हिचा निबंध १८५५ ला ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला, त्यात ती लिहिते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडीपावसात हाल होतात, आणि बाळंतरोग झालाच तर वैद्याला पैसा आणायचा कुठनं. गावाची बाळंतपणं करणाऱ्या समाजातल्या बाईचं स्वतःचं बाळंतपण हे असं. म्हणून सुईणीला भेटाल तेव्हा 'तुम्ही लोकांची बाळंतपणं कशी केलीत' एवढंच नाही तर 'तुमची स्वतःची कुणी केली' हेही विचारा. कुणी विचारलेलंच नसतं त्यांना.

मोबदल्याचं पण नीट विचारा. पैसे किती हा प्रश्न फुकट जातो कारण बऱ्याचदा पैसे नव्हतेच, शिधा, पायलीभर ज्वारी, खणनारळ, जुनं लुगडं असं. मुलगा झाल्यावर काय मिळायचं आणि मुलगी झाल्यावर काय, हे वेगवेगळं विचारायचं. उत्तर तुम्हाला माहितीच असेल पण तिच्या तोंडून रेकॉर्ड झालं पाहिजे. आणि मूल दगावलं तर? तेव्हा काय मिळायचं?

भेटीला जाताना एक बाई बरोबर असलीच पाहिजे, तुम्ही पुरुष असाल तर नक्कीच, आणि खरं तर तुम्ही रेकॉर्डिंग सांभाळा, प्रश्न तिला विचारू द्या. घरातल्या पोरांना, सुनांना आधी सांगून ठेवा कशासाठी आलोय ते, नाहीतर त्यांना वाटतं योजनेचा फॉर्म भरायला आलेत आणि म्हातारी पहिला अर्धा तास निराधार पेन्शनबद्दल बोलते. दुपारी जेवणं झाल्यावरची वेळ चांगली. फोन विमान मोडवर टाका, पंखा बंद करायला सांगा किंवा फोन पंख्यापासून लांब ठेवा, पंख्याचा आवाज कानाला कळत नाही पण रेकॉर्डिंगची वाट लावतो. सुरुवातीलाच गाव, तारीख, कोण बोलतंय ते तुमच्या आवाजात बोलून ठेवा, आणि आजींची परवानगी पण रेकॉर्डवरच घ्या. व्हॉइस टायपिंगवर विसंबू नका, त्याला आपली बोली कळत नाही, 'वार' चं काय वाट्टेल ते करून ठेवतं.

सालाचा घोळ होणारच. आजींना साल विचारायचंच नाही. त्याऐवजी, बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी का नंतर? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा (डिसेंबर १९६७) हे काम करत होता का? पुण्याकडची असेल तर पानशेत फुटलं ते, १९६१. लातूर-धाराशिवकडं किल्लारीचा भूकंप, १९९३. गांधींना मारलं तेव्हा लग्न झालं होतं का? या खुंट्या आधी लिहून न्या आणि प्रत्येक गोष्ट त्यातल्या कुठल्यातरी खुंटीला अडकवत जा. आधार कार्डावरची किंवा शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख अजिबात धरू नका, निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो तो काय उगाच नाही, गुरुजींनी टाकलीय ती.

प्रश्न कसे विचारायचे यावर सगळा खेळ आहे. 'तुम्ही कोणते पारंपरिक उपचार करत होतात' असं विचारलं की समोरची बाई गप्प होते किंवा टीव्हीवर ऐकलेलं काहीतरी सांगते. त्यापेक्षा, पहिल्यांदा कुणाबरोबर गेलात? तेव्हा तुम्हाला काय करू दिलं, नुसता कंदील धरायला लावला का? कळा खऱ्या का खोट्या ते कसं ओळखायचात? पायाळू आलं तर? आडवं आलं तर? वार लवकर पडली नाही तर काय करायचात? बाळ रडलंच नाही तर? आणि सगळ्यात महत्त्वाचा, आता आपल्याच्यानं होत नाही, गाडी जुंपा आणि दवाखान्यात न्या, हे कधी ठरवायचात? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात तिची खरी अक्कल दिसते.

आणि हातानं करून दाखवायला सांगा. नुसतं तोंडी सांगताना त्यांना सुचत नाही, हाताला सगळं आठवतं. आमच्या भागातल्या एका आजींना पोटावरून मूल कसं ओळखायचं विचारलं तर 'कळायचं की' यापलीकडं काही बोलेनात, मग मांडीवर उशी दिली तर दोन्ही हात आपोआप उशीच्या दोन बाजूंना गेले, बोटं जरा आत दाबली आणि म्हणाल्या, डोकं टणक लागतं आणि असं ढकललं की हाताखाली हलतं, कुल्ला मऊ लागतो आणि हलत नाही, सगळं अंगच हलतं त्याच्याबरोबर. हे असंच्या असं मेडिकलच्या पोरांना शिकवतात, गर्भाची पोझिशन हातानं ओळखायची पद्धत म्हणून. आजींना अक्षर येत नाही. व्हिडिओ काढताना फक्त हातांचा काढा, चेहरा नको म्हणाल्या तर नको, हातच महत्त्वाचे आहेत.

सुश्रुतसंहितेत शारीरस्थानात बाळंतपणाच्या वेळी चार बायका हजर असाव्यात असं सांगितलंय, वयानं पोक्त, प्रसूतीच्या कामात तरबेज आणि नखं कापलेल्या. म्हणजे ग्रंथ लिहिणारे पुरुष असले तरी खोलीत हात चालायचे ते बायकांचेच. आणि नखं कापलेली ही गोष्ट बघा, सरकारनं पुढं दायांना ट्रेनिंग दिलं तेव्हा स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पातं, स्वच्छ दोरा आणि स्वच्छ नाळ असं पाच गोष्टींचं पाठांतर करून घ्यायचे. तुमच्या गावच्या सुईणीनं ते ट्रेनिंग घेतलं असेल तर तिच्याकडं पेटी किंवा सर्टिफिकेट असण्याची शक्यता आहे, ट्रंकेत तळाशी, मागून फोटो काढून घ्या. पेटीत काय काय होतं आणि त्यातलं खरं वापरलं काय हेही विचारा.

आता जे ऐकलं त्याचा अर्थ कसा लावायचा. इथं दोन प्रकारचे लोक असतात, एकाला जुनं ते सगळं सोनं वाटतं आणि दुसऱ्याला सगळी अंधश्रद्धा, दोघांचंही ऐकू नका. बऱ्याच भागांतल्या सुईणी वार पडेपर्यंत नाळ कापत नसत, डॉक्टर लोक कित्येक वर्षं ती लगेच कापायचे, आणि आता जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की निदान मिनिटभर तरी थांबा. कळा देताना बाईला आडवं न पाडता उकिडवं बसवणं, दोरीला धरून जोर द्यायला लावणं, शेवटपर्यंत कुणीतरी पाठ चोळत जवळ असणं, हे सगळं चांगलंच होतं. पण तीच सुईण नाळेवर शेण किंवा राख लावायची, विळ्यानं कापायची, पहिल्या दुधाचा चीक वाईट म्हणून पिळून टाकायला लावायची आणि बाळाला गूळपाणी चाटवायची. त्यानं पोरं मेली.

हे कसं शोधायचं सांगते. म्हाताऱ्या बायका सांगतात, सहाव्या-सातव्या दिवशी सटवाईनं नेलं. तिथं थांबू नका, हळूच विचारा की आधी बाळ दूध ओढत होतं का, मग ओढायचं बंद झालं का, जबडा घट्ट झाला होता का, अंग लाकडासारखं ताठ व्हायचं का, हात लावला की झटका यायचा का. हो हो हो असं आलं तर तो बहुतेक नवजात बाळाचा धनुर्वात, कापलेल्या नाळेतून गेलेला. भारतात तो संपल्यात जमा झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं, गरोदरपणातली टीटीची इंजेक्शनं आणि स्वच्छ बाळंतपणं यामुळं. लिहिताना सटवाई पण लिहा आणि धनुर्वात पण लिहा. आणि हे विचारताना जपून, ज्या बाईला विचारताय तिचंच मूल असू शकतं ते.

तोंडी ऐकलेलं कागदाशी ताडून बघायला तहसीलला जा. गाव नमुना १४, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, त्यात गावातले जन्म-मृत्यू असतात. अभिलेख कक्षात अर्ज द्यायचा, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि धीर धरायचा. २०२३ नंतर कुणबी नोंदी शोधायच्या निमित्तानं ही जुनी बुकं बाहेर निघाली, स्कॅन झाली, काही जिल्ह्यांच्या वेबसाइटवर टाकलीत, त्यामुळं आधी घरी बसून ते बघा, चकरा वाचतील. सगळे त्यात जात शोधतायत, तुम्ही त्यात अर्भकांचे मृत्यू शोधा. सुईणीचं नाव तिथं मिळेल ही आशा ठेवू नका, पण अमुक साली इतके जन्म, त्यातले महिन्याच्या आत गेलेले इतके, कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय, एवढं निघालं तरी आजींच्या बोलण्याला आधार मिळतो. जुनी बुकं मोडी लिपीत असतात. मोडी येत नसेल तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग चालतात, नाहीतर तालुक्यात एखादे रिटायर्ड मोडीवाचक असतातच, सध्या त्यांना भाव आलाय फक्त.

दुसरा कागद म्हणजे मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटियर, म्हणजे इंग्रजांच्या काळातली जिल्हावार सरकारी माहितीची पुस्तकं, उदाहरणार्थ पुणे जिल्ह्याचं १८८५ चं. त्यात जातवार रीतिरिवाज दिलेत आणि बाळंतपणात सुईण काय करते तेही येतं, पाचवीची पूजा वगैरे. उपयोगी आहे पण ते लिहिणारा साहेब बाळंतिणीच्या खोलीत गेला नव्हता हे विसरू नका, त्याला कुणा कारकुनानं सांगितलेलं आहे, आणि कारकून पण आत गेला नव्हता.

तसंच इंग्रजी अहवालांचं. व्हाइसरॉयची बायको लेडी डफरिननं १८८५ ला फंड काढला, बायकांसाठी दवाखाने आणि लेडी डॉक्टर यासाठी, मग १९०३ ला लेडी कर्झननं दायांना शिकवायला वेगळा फंड काढला. या काळातल्या लिखाणात दाई म्हणजे घाणेरडी, अडाणी, खुनी अशीच रंगवलेली दिसते. काही अंशी खरं आहे, वर धनुर्वाताचं लिहिलंच मी, पण वर्गणी गोळा करायची असली की चित्र काळंच रंगवावं लागतं, ते मनात धरून वाचा. त्याच्या काही दशकं आधीपर्यंत युरोपातल्या मोठमोठ्या दवाखान्यांतही बाळंतरोगानं बायका मरत होत्या, डॉक्टर हात धुवत नव्हते म्हणून.

मोठ्या नावांचा उपयोग कुठं होतो तर तुमच्या गावची गोष्ट कुठल्या काळात बसते ते कळायला. आनंदीबाई कल्याणच्या, चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या, मुलगा दहा दिवसांत गेला, आणि त्यातून हे शिक्षणाचं डोक्यात आलं. त्यांच्या प्रबंधाचा विषयच होता हिंदू लोकांमधलं प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक झाली होती पण काम सुरू करायच्या आधीच २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. मुंबईत कामा हॉस्पिटल १८८६ ला सुरू झालं, तिथं एडिथ पेची आल्या, एडिनबर्गमध्ये मेडिकल शिकायला गेल्या म्हणून दंगा अंगावर घेतलेल्या सात जणींपैकी एक. रखमाबाई नवऱ्याकडं नांदायला जायचं नाही म्हणून कोर्टात लढल्या, लंडनला शिकल्या आणि १८९५ पासून सुरतेत, मग राजकोटला निवृत्तीपर्यंत काम केलं. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदननं विधवा आणि गरीब मुलींना नर्सिंगला पाठवलं, ससूनला. हे सगळं झालं, पण तुमच्या गावात पहिली नर्सबाई कधी आली? ती तारीख तुम्हालाच काढायचीय. उपकेंद्र कधी झालं, नर्सबाई कुठं राहायची, तिचं आणि सुईणीचं पटायचं का? बऱ्याच ठिकाणी भांडणं होती आणि बऱ्याच ठिकाणी नर्स फक्त इंजेक्शन द्यायला आणि बाकी सगळं सुईण, अशी गुपचूप वाटणी होती.

अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) जामखेडला आरोळे डॉक्टर पतीपत्नींनी १९७० ला काम सुरू केलं तेव्हा गावातल्याच बायकांना आरोग्य सेविका म्हणून तयार केलं, त्यात दलित बायका पुष्कळ. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी ३९ गावांत गावच्याच बायकांना घरी जाऊन नवजात बाळ सांभाळायला शिकवलं, नवजात बाळं दगावायचं प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी खाली आलं, १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढं देशभरात आशाताई घरोघरी जाऊन बाळं बघतात त्यामागं हे आहे. २००५ ला दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला पैसे देणारी जननी सुरक्षा योजना आली आणि घरचं बाळंतपण हळूहळू संपत गेलं. तुमच्या सुईणीनं शेवटचं बाळंतपण कधी केलं, आणि का थांबली, कुणी थांबवलं का, का कुणी बोलवेनासंच झालं? हा प्रश्न लोक विसरतात. तिची सून किंवा नात आशाताई असेल तर तिच्याशी वेगळं बोला, एका घरात तीन पिढ्यांची वैद्यकी मिळून जाते.

ओव्या सोडू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्यात, पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर ऐकायला मिळतात, त्यात बाळंतपणावरच्या बघा आणि मग आजींना म्हणा, तुम्हाला येतात का अशा. एक म्हटली की पाठोपाठ चार येतात.

आता नाजूक भाग. सुईणीला गावाची सगळी अंडीपिल्ली माहीत असतात. कुणाचं पाडलं, कुठल्या विधवेला दिवस गेले होते, कुठली मुलगी जन्मली आणि लगेच 'गेली'. १८६३ ला जोतीबा-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते असल्याच गोष्टींमुळं, आणि त्यांनी ज्याला दत्तक घेतलं तो यशवंत पुढं डॉक्टर झाला, १८९७ च्या प्लेगमध्ये मायलेकांनी मिळून रोगी सांभाळले आणि त्यातच सावित्रीबाई गेल्या. तर हा इतिहास महत्त्वाचाच आहे. पण नावं, घरं, वर्षं यातलं काही बाहेर जाता कामा नये, गाव छोटं असतं, नुसतं 'वरच्या आळीतली' म्हटलं तरी लोक ओळखतात. असं काही बोलणं निघालं तर रेकॉर्डिंग थांबवू का असं विचारा. थांबव म्हणाल्या तर खरंच थांबवा. आणि मूळ ऑडिओ व्हॉट्सअॅपच्या कुठल्याच ग्रुपवर टाकायचा नाही, भावकीच्या ग्रुपवर तर मुळीच नाही.

औषधांबद्दल, बाळगुटीत काय काय उगाळायच्या, किती वळसे, धुरीला काय, बाळंतकाढ्यात काय, सगळं उतरवून घ्या, झाडांची गावठी नावं जशीच्या तशी, जमलं तर झाड दाखवायला सांगून पानाफुलाचा फोटो. पण छापताना वळसे आणि मापं देऊ नका, वाचून कुणीतरी तान्ह्या बाळाला देऊन बसेल. नोंद वेगळी, नुस्खा वेगळा.

लिहून झालं की आधी आजींना वाचून दाखवा, मोठ्यानं, घरातल्यांसमोर. त्या मध्येच थांबवून दुरुस्त्या सांगतील, त्या सगळ्या घ्या, आणि काही काढून टाका म्हणाल्या तर काढा. मग एक प्रिंट त्यांच्या घरी, एक गावच्या वाचनालयात, एक शाळेत, आणि ऑडिओ दोन वेगवेगळ्या ठिकाणी, फाईलचं नाव गाव-तारीख असं, 'रेकॉर्डिंग नवीन फायनल २' असं नाही. विकिपीडियावर टाकायला जाल तर ते आधी कुठंतरी प्रसिद्ध झालेले संदर्भ मागतात आणि तोंडी इतिहास उडवून लावतात, म्हणून आधी एखाद्या दिवाळी अंकात किंवा तालुक्याच्या साप्ताहिकात छापून आणा. संपादक म्हणेल जरा आनंदीबाईंवर वाढवा. नाही म्हणायचं.